समुद्राची वाट झाडणारे जहाज : ‘बेंगाल’ची सेवागाथा

युद्धनौका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती अवाढव्य, तोफांनी सजलेली, शत्रूच्या उरात धडकी भरविणारी नौका. परंतु कोणत्याही आरमारात काही जहाजे अशीही असतात, की ज्यांचे काम शत्रूवर चाल करून जाण्याचे नसते. शत्रूने पाण्यात पेरून ठेवलेले सुरुंग शोधून काढावयाचे आणि इतरांसाठी वाट निर्धोक करावयाची, एवढेच त्यांचे काम. इंग्रजीत त्यांना ‘माइनस्वीपर’, म्हणजे सुरुंग झाडून काढणारी जहाजे, म्हणतात. घर झाडणाऱ्या हातांची दखल घर घेत नाही; तीच गत या जहाजांची. प्रस्तुत लेखात अशाच एका जहाजाचा जीवनक्रम वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. त्याचे नाव ‘बेंगाल’. बांधणी ऑस्ट्रेलियातली, खलाशी हिंदी, आणि कीर्ती एका दिवसाची.

छत्रपती संभाजीनगरसारख्या, समुद्रापासून खूप दूर असलेल्या शहरातील वाचकाला सागरी सुरुंग ही वस्तू अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामागची कल्पना आपल्या शेजारच्या देवगिरी किल्ल्याने आपल्याला कधीच शिकवून ठेवली आहे. खंदक ओलांडून वर जाणाऱ्या शत्रूला त्या किल्ल्यातील ‘अंधारी’तून, म्हणजे काळोख्या बोगद्यातून, जावे लागे. तेथे त्याला न दिसणारा घात त्याची वाट पाहत असे. किल्ल्याचे संरक्षण जितके तटावरील तोफांनी केले, तितकेच या अंधाराच्या भीतीने केले. सागरी सुरुंगाचे नेमके असेच आहे. तो किती जहाजे बुडवितो, यापेक्षा किती जहाजांना बंदरातच अडकवून ठेवतो, यात त्याचे खरे सामर्थ्य असते. एका सुरुंगाच्या संशयानेही अख्खे बंदर बंद करावे लागते.

मुंबईच्या दारातील सुरुंग

ही भीती महाराष्ट्राच्या किनाऱ्याने पहिल्या महायुद्धातच अनुभवली. ‘वोल्फ’ नावाचे जर्मन जहाज साध्या मालवाहू जहाजाचा वेष घेऊन हिंदी महासागरात शिरले, आणि १९१७ च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईच्या परिसरात गुपचूप सुरुंग पेरले. पेरणारा निघून गेला. पेरलेले मात्र चार महिने पाण्याखाली वाट पाहत राहिले. जून १९१७ मध्ये ‘सिटी ऑफ एक्झेटर’ या जहाजाला त्यातील एका सुरुंगाचा धक्का बसला. ते कसेबसे मुंबईला पोहोचले. त्याच महिन्याच्या २३ तारखेस पी. अँड ओ. कंपनीचे ‘मंगोलिया’ हे टपाल व उतारू वाहणारे जहाज मुंबईच्या नैर्ऋत्येस सुरुंगावर आदळून बुडाले. मुंबईपासून हजारो मैल दूर चाललेले युद्ध असे एका रात्रीत गिरगाव-माझगावच्या उंबरठ्याशी आले.

खरे तर १९०७ च्या हेग परिषदेत राष्ट्रांनी सागरी सुरुंगांविषयी एक करार केला होता. बंधनातून सुटलेला सुरुंग निरुपद्रवी झाला पाहिजे आणि केवळ व्यापारी वाहतूक तोडण्याच्या हेतूने शत्रूच्या किनाऱ्याजवळ सुरुंग पेरू नयेत, असे त्यात नमूद होते. परंतु युद्ध पेटले की कागदावरची शाई लवकर पुसट होते. सुरुंगाला मित्र-शत्रू कळत नाही, सैनिक आणि उतारू यांतला भेद कळत नाही, आणि युद्ध संपले तरी त्याला ती बातमी पोहोचत नाही. म्हणूनच तह झाल्यावर इतर जहाजे घरी परततात, तेव्हाही सुरुंग झाडणाऱ्यांचे काम मागे उरलेलेच असते.

झाडण्याची रीत

हे काम कसे चालते, ते थोडक्यात पाहू. जुन्या पद्धतीचा सुरुंग म्हणजे स्फोटक भरलेला लोखंडी गोळा. समुद्रतळाशी टेकलेल्या वजनाला तो तारेने बांधलेला असतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर तरंगत राहतो. सुरुंग झाडणारे जहाज आपल्या पिछाडीवरून एक लांब, धारदार तार पाण्यात सोडते. तारेच्या टोकाला माशाच्या आकाराचा एक तरंगता पिंप असतो. तो तारेला जहाजाच्या बाजूला दूर ओढून धरतो. ती तार नेमक्या खोलीवर राहावी अशीही योजना केलेली असते. जहाज पुढे सरकले की ही तार सुरुंगाच्या बांधणीला घासते, बांधणी तुटते आणि सुरुंग वर येतो. मग दुरून बंदुकीच्या गोळ्या झाडून तो बुडवावयाचा किंवा फोडावयाचा.

अशी अनेक जहाजे तिरक्या रांगेत चालतात, म्हणजे प्रत्येक मागचे जहाज पुढच्याने झाडलेल्या पाण्यातून जाते. सर्वांत पुढच्या जहाजाला मात्र झाडलेले पाणी नसते. ते काही आपल्या समोरचे पाणी झाडीत नाही, स्वतःच्या बाजूचे झाडीत असते. स्वतःची वाट त्याला धोका पत्करूनच कापावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात या कामात आणखी एक संकट उभे राहिले. जर्मनांनी चुंबकीय सुरुंग आणला. तो तळाशी निजून राही आणि वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाच्या चुंबकत्वाने जागा होई. तारेने कापावे तर त्याला बांधणीच नाही! १९३९ च्या नोव्हेंबरात असा एक सुरुंग इंग्लंडमध्ये शूबरीनेसच्या चिखलात सापडला. लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी यांनी तो जिवावर उदार होऊन उलगडला, तेव्हा कोठे त्याचे गुपित कळले आणि त्यावरचे उपाय शोधता आले. याच कारणास्तव पुढे सुरुंग काढणाऱ्या जहाजांचे सांगाडे लाकडाचे बांधण्याचा प्रघात पडला.

सिडनीत जन्म

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही हे अगदी छोटे आरमार होते. बोटांवर मोजण्याइतकी जहाजे. हिंदी किनारा मात्र हजारो मैलांचा. नवी जहाजे हवी होती, आणि ब्रिटनच्या गोद्या स्वतःच्या कामात बुडालेल्या होत्या. अशा वेळी ऑस्ट्रेलियाने स्वतःसाठी आखलेल्या ‘बाथर्स्ट’ वर्गातील चार जहाजे हिंदुस्थानसाठी बांधण्यात आली. या वर्गाची एकूण ६० जहाजे झाली. त्यांपैकी हिंदी आरमाराच्या चारांची नावे प्रांतांवरून ठेवण्यात आली : ‘पंजाब’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘बेंगाल’.

‘बेंगाल’चे जलावतरण सिडनी बंदरातील कॉकाटू गोदीत २८ मे १९४२ रोजी झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३१ मेच्या रात्री, त्याच बंदरात तीन जपानी छोट्या पाणबुड्या शिरल्या. त्यांच्या पाणतीराने ‘कुट्टाबुल’ हे निवासी जहाज बुडाले आणि २१ नौसैनिक मृत्युमुखी पडले. आपल्या मुंबईचे नाव धारण करणारे ‘बॉम्बे’ त्या रात्री सिडनी बंदरातच होते. ‘बेंगाल’ तर अजून सेवेत रुजूही झाले नव्हते. युद्धाने त्याचे असे बारसे केले म्हणावयाचे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘बेंगाल’ सेवेत दाखल झाले. जहाज लहानच : सुमारे ६५० टनांचे, वेग तासाला जेमतेम १५ सागरी मैल. या वर्गाच्या जहाजांवर चार इंची तोफ असावी असा संकेत होता; परंतु तोफांचा तुटवडा असल्यामुळे ‘बेंगाल’ला मिळाली तीन इंची, ‘बारा पौंडी’ तोफ. तिच्या गोळ्याचे वजन सहा किलोंच्याही आत. जहाजाचे कप्तान होते हिंदी राखीव नौदलाचे लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. हिंदी आरमाराचा कणा कोकणाने घडविला होता. युद्धपूर्व काळात त्याच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा भरणा फार मोठा होता, आणि जहाजांवरील स्टुअर्ड, आचारी व बँडवाले यांत गोमंतकीय ख्रिस्ती बांधव पिढ्यान् पिढ्या होते. मुंबईच्या धोबी तलावाच्या परिसरातील गोवेकरांच्या ‘कुडां’तून किती तरी तरुण असे समुद्रावर गेले. अधिकाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. शिडी पुसणारे, चुलीपुढे घामाघूम होणारे आणि कोळसा-तेलाच्या धुरात जन्म काढणारे हात त्यात क्वचितच सापडतात.

११ नोव्हेंबर १९४२

५ नोव्हेंबर १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरातून ‘बेंगाल’ निघाले. सोबत ‘ओंदिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. त्याला सांभाळून दिएगो गार्सियाकडे न्यावयाचे होते. ‘ओंदिना’वर एक चार इंची तोफ होती, आणि तिच्यासाठी गोळे अवघे ३२.

११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिले महायुद्ध थांबल्याच्या स्मरणदिनीच, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस दोन मोठी जहाजे क्षितिजावर दिसली. ती होती ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ : प्रत्येकी दहा हजार टनांहून अधिक भाराची, मुळात उतारू जहाजे, परंतु जपानने तोफा, पाणतीर व विमाने चढवून शिकारी बनविलेली. त्याच वर्षी या जोडीने ‘गेनोटा’ हे डच तेलवाहू आणि ‘हौराकी’ हे न्यूझीलंडचे जहाज पकडून नेले होते व ‘एलिशिया’ हे ब्रिटिश जहाज बुडविले होते. त्यांच्या १४ सेंटिमीटर तोफांचा एकेक गोळा ३८ किलोंचा. वेग ‘बेंगाल’च्या दीडपट, ‘ओंदिना’च्या जवळजवळ दुप्पट. पळून जाणे शक्यच नव्हते.

विल्सन यांच्यापुढे दोनच मार्ग होते. त्यांनी ‘ओंदिना’ला आपल्या मार्गाने निसटून जाण्याचा संदेश दिला आणि स्वतःचे जहाज सरळ शत्रूच्या रोखाने वळविले. हिशेब साधा होता : शत्रू आपल्यावर गोळे वाया घालवील तेवढा वेळ तेलवाहू जहाजाला मिळेल. सुरुंग झाडणाऱ्या जहाजाने आयुष्यभर जे करावयाचे, तेच येथे वेगळ्या रूपात घडत होते. मागून येणाऱ्यासाठी पुढे जाऊन धोका अंगावर घेणे.

‘ओंदिना’ मात्र निसटून गेले नाही. आपला वेग पुरणार नाही हे ओळखून तिचे कप्तान विलेम हॉर्समन यांनीही तोफ चालविण्याचा हुकूम दिला. थोड्याच वेळात ‘होकोकू मारू’च्या मागील बाजूस गोळा बसला, आग भडकली, स्फोट झाले आणि ते भले मोठे जहाज बुडाले. त्यावरील साडेतीनशेवर माणसांपैकी ७६ जण, कप्तान इमाझातो यांच्यासह, प्राणास मुकले.

नेमका घातक गोळा कोणाचा? विल्सन यांच्या बाजूने श्रेय ‘बेंगाल’ला दिले गेले, तर डच बाजूने ‘ओंदिना’च्या तोफखान्याला. चार इंची गोळ्याचे वजन बारा पौंडीच्या दुपटीहून अधिक असते आणि ‘ओंदिना’चे नेमबाज चांगले होते, हे ध्यानी घेता आजचे बहुतेक अभ्यासक ‘ओंदिना’च्या पारड्यात वजन टाकतात. ते मान्य केल्याने ‘बेंगाल’चे मोल कमी होते असे नाही. त्या छोट्या जहाजाने अंगावर घेतलेला मारा नसता, तर ‘ओंदिना’च्या नेमबाजांना तेवढी उसंत मिळाली असती काय, हा विचार श्रेयाच्या वादात हरवू नये.

यानंतरचा भाग अधिक कठीण आहे. ‘बेंगाल’चा दारूगोळा संपत आला, जहाजाला काही गोळे लागले, धुराचा पडदा टाकून त्याने माघार घेतली. ‘आयकोकू मारू’ ‘ओंदिना’वर तुटून पडले. ‘ओंदिना’चे गोळे संपले, तेव्हा हॉर्समन यांनी शरणागतीचे निशाण चढवून माणसांना होड्यांत उतरण्यास सांगितले, आणि त्याच सुमारास गोळ्याच्या तुकड्याने त्यांचा अंत झाला. जपानी जहाजाने जवळ येऊन ‘ओंदिना’ला पाणतीर मारले आणि असहाय होड्यांवर मशिनगन चालविली. मग ते बुडणाऱ्या सोबत्यांना उचलण्यासाठी वळले. युद्धातील हा विरोधाभास पाहण्यासारखा आहे : एकाच दुपारी, त्याच हातांनी आपल्या माणसांना पाण्यातून वर ओढले आणि दुसऱ्यांच्या होड्यांवर गोळ्या झाडल्या.

‘ओंदिना’ बुडाले अशी दोन्ही बाजूंची समजूत झाली. पण ते कलले होते, बुडाले नव्हते. शत्रू दिसेनासा झाल्यावर होड्यांतील खलाशी परत चढले, आग विझविली, पाणी उपसले, यंत्रे सुरू केली, आणि १८ नोव्हेंबरला ते जहाज फ्रीमँटलला परत आले. इकडे ‘बेंगाल’ दिएगो गार्सियाला पोहोचले होते. त्यावरील एकही माणूस दगावला नव्हता.

‘बेंगाल’ने सोबत सोडावयास हवी होती काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला. जवळजवळ रिकाम्या तोफेने थांबून ‘बेंगाल’ काय करू शकले असते? एक जहाज बुडण्याऐवजी कदाचित दोन बुडाली असती. पण होड्यांत बसून मशिनगनच्या गोळ्या झेललेल्या माणसाला हा हिशेब सांगून पटणार नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र मनात बाळगणे हेच इतिहास वाचणाऱ्याचे कर्तव्य होय. विल्सन यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. ‘आयकोकू मारू’ फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रक बेटांच्या खाडीत अमेरिकी विमानांच्या माऱ्याखाली बुडाले.

स्वतंत्र भारताच्या सेवेत

फाळणीत जमिनीची वाटणी झाली तशी आरमाराचीही झाली. सुरुंग काढणाऱ्या जहाजांपैकी १२ भारताकडे आली व ४ पाकिस्तानकडे गेली. ज्यांच्यावरील खलाशी कालपर्यंत एकाच ताटलीत जेवले होते, ती जहाजे वेगळ्या बंदरांना गेली. ‘बेंगाल’ भारताकडे राहिले. त्याच्या सोबतच्या जहाजांची नावेही आपल्या ओळखीची होती; ‘कोंकण’ हे त्यांतलेच. २६ जानेवारी १९५० पासून नावामागील ‘हिज मॅजेस्टी’ गेला आणि ते ‘आयएनएस बेंगाल’ झाले. १९६० मध्ये ते सेवेतून निवृत्त होऊन मोडीत निघाले. योगायोग असा, की ‘ओंदिना’ही त्याच्या एक वर्ष आधी, १९५९ मध्ये, हाँगकाँगला मोडीत काढण्यात आले. ज्यांना शत्रूच्या तोफा बुडवू शकल्या नाहीत, त्या दोघांनाही शेवटी लोहाराच्या हातोड्याने सारखाच न्याय दिला.

दरम्यान नवी पिढी आली होती. १९५५-५६ मध्ये ब्रिटनकडून लहान जहाजे घेण्यात आली. त्यांतील एकाचे नाव ‘बसीन’, म्हणजे आपली वसई. ज्या वसईच्या चर्चमधून मराठी ख्रिस्ती समाजाच्या किती तरी पिढ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तिचे नाव एका सुरुंगनाशक जहाजाने मिरविले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ‘कारवार’ हेही त्याच खेपेतले. पुढे ‘भटकळ’ व ‘बुलसार’ ही जहाजे मुंबईतच बांधली गेली.

१९७८ ते १९८८ या दशकात सोव्हिएत रशियाकडून बारा मोठी सुरुंगनाशक जहाजे आली. त्यांतही ‘रत्नागिरी’, नवे ‘कारवार’ आणि नवे ‘कोंकण’ होते. तीस-तीस वर्षे राबून ती एकेक करून थकली. ‘कारवार’ आणि ‘काकिनाडा’ ९ मे २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. १३ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे ‘कोझिकोड’ही उतरले. त्या दिवसापासून, इतका मोठा किनारा असलेल्या आपल्या देशाच्या नौदलात खास या कामासाठी बांधलेले एकही जहाज उरले नाही. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या साहाय्याने बारा जहाजे बांधण्याची योजना वर्षानुवर्षे वाटाघाटींत अडकून २०१८ मध्ये रद्द झाली होती. जुलै २०२५ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने अशा जहाजांच्या खरेदीची गरज पुन्हा मान्य केली; परंतु मान्यतेपासून पाण्यात उतरण्यापर्यंतची वाट लांबची असते.

आपल्याला त्याचे काय?

समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या आपल्याला या साऱ्याचे काय सोयरसुतक, असे कोणी विचारील. त्याने एकदा मनमाडजवळच्या पानेवाडीकडे पाहावे. परदेशातून जहाजाने आलेले कच्चे तेल मुंबईत शुद्ध होते, तेथून नळाने मनमाडच्या परिसरात येते आणि टँकरने मराठवाड्यात पोहोचते. आपल्या शहरातील रिक्षा, वाळूजच्या कारखान्यांना माल नेणारे ट्रक, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, हे सारे त्या सागरी वाटेच्या अखेरच्या टोकाशी आहेत. १९४२ मध्ये ‘ओंदिना’ जे काम करीत होते, ते काम आजही रोज कोणते तरी जहाज करीत आहे. आणि त्या वाटेवर एक सुरुंग असल्याची नुसती वार्ता पसरली, तरी तिचा चटका येथे जाणवल्यावाचून राहणार नाही.

‘बेंगाल’ची कीर्ती एका दिवसाच्या लढाईमुळे झाली, हे स्वाभाविकच आहे. लढाईला आवाज असतो. परंतु त्याच्या अठरा वर्षांच्या सेवेतील बाकीचे दिवस गस्तीचे, सोबतीचे, तार ओढण्याचे आणि वाट पाहण्याचे होते. अशा कामाचे यश मोजता येत नाही. कारण जे जहाज बुडाले नाही, ज्या घरी तार आली नाही, ज्या आईने काळे वस्त्र नेसले नाही, त्याची नोंद कोठल्याही वहीत होत नसते. घरोघरी, शाळांतून, इस्पितळांतून अशी वाट झाडणारी माणसे असतातच. त्यांचे ऋण फेडण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांचे काम संपले असे कधीही न मानणे. आरमारालाही हाच नियम लागू आहे. झाडणारा निवृत्त झाला म्हणून वाटेवर काटे पडावयाचे थांबत नाहीत.